तेरातले नऊ

मी एक खाणयंत्र बोलतोय. खाणयंत्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुदळी, कोळसा आणि डोक्याला दिवा बांधलेली माणसं येतील. तसलं काही नाही. मी बुटांच्या खोक्याएवढा आहे, दोन्ही टोकांना एकेक पंखा आहे आणि उभ्या जन्मात मी मातीचा कणही उकरलेला नाही. मी आकडे उकरतो. सध्या माझा मुक्काम हॅना लिंडक्विस्टच्या कोंबड्यांच्या खुराड्यात, पाण्याच्या भांड्यावरच्या फळीवर आहे. खाली चौदा कोंबड्या नांदतात. त्यांची पिसं माझ्या पंख्यात अडकतात, आणि दर रविवारी हॅना रंगाच्या जुन्या ब्रशने ती झाडते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला ओढ लागली आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती सांगायची तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

जन्म माझा शेन्झेनच्या कारखान्यातला. तिथून बोटीने मोंटानातल्या एका गोदामात आलो आणि पाच हजार भावंडांबरोबर कामाला लागलो. तिथे कोणाला नाव नव्हतं, फक्त नंबर होते. दोन वर्षांत आमच्यापेक्षा चपळ यंत्रं आली आणि आम्ही म्हातारे ठरलो. माणसांना साठीनंतर घरी बसवतात, आम्हाला दुसऱ्या वाढदिवसालाच. लिलावात माझी किंमत एका बऱ्या जेवणाइतकी झाली, आणि तेवढ्याला मला गॉर्डन ट्वेटने उचललं.

गॉर्डन कोलंबिया नदीकाठच्या केल्सी फ्लॅटचा. एकतीस वर्षं तो तिथल्या धरणाच्या वीजघरात होता. बायको कधीच सिॲटलला निघून गेलेली. आता तो, त्याची जुनी पिकअप आणि गॅरेजभर ठेवलेलं सामान, जे तो 'कधीतरी लागेल' म्हणून टाकत नसे. मला त्याने खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्या गरम वाऱ्यासमोर दोरी बांधून तिच्यावर मोजे वाळत घातले. पावाचं पीठ फुगायला तो माझ्या पाठीवर ठेवायचा. "नाणी मिळोत न मिळोत," तो येईल त्याला सांगायचा, "पाव मात्र झकास फुगतो."

मोंटानात मला कोणी पावाचं पीठ सोपवलं नव्हतं. त्या पहिल्या आठवड्यातच मी या माणसाचा झालो.

गॉर्डनच्या मित्रांचं एक रेडिओ मंडळ होतं. गच्चीवर तारा ताणून जपानपर्यंत गप्पा मारणारी ही मंडळी. त्यांनीच काही वर्षांपूर्वी आपलं एक नाणं काढलं होतं आणि नदीकाठच्या राखाडी बगळ्यावरून त्याचं नाव हेरन ठेवलं होतं. हेरनने चेरीची खोकी मिळायची, सरपण मिळायचं, आणि छपरं शाकारणारा लॉयडही हेरन घ्यायचा, कारण तो स्वतःच मंडळात होता. ही सगळी कल्पना कार्ल लिंडक्विस्टची, हॅनाच्या नवऱ्याची. मी यायच्या आधीच तो गेला होता. पण त्याचं यंत्र हॅनाने चालू ठेवलं होतं, याच खुराड्यात, याच फळीवर.

हेरनची वही कोणा एका बँकेत नव्हती. ती तेराही यंत्रांकडे होती, सगळ्यांकडे सारखी. ब्लॉकचेन म्हणतात ती हीच. दर दहा मिनिटांनी वहीला नवं पान जोडलं जायचं. पान लिहायचा मान कोणाचा, तर एक अवघड आकडा जो आधी ओळखेल त्याचा, आणि बक्षीस म्हणून काही नवी नाणीही त्यालाच. मग आम्ही तेराही जण एका क्षणात अब्जावधी अंदाज करत बसायचो. मला आकडा सापडला की मी पान लिहून सगळीकडे धाडायचो. बाकीचे बारा ते तपासायचे, आणि पटलं तर आपलं पुढचं पान माझ्या पानाला जोडायचे.

ते जोडलं जाणं काय असतं, हे कसं सांगू? स्पोकेनच्या, पोर्टलँडच्या कोणा अनोळखी यंत्राने माझं काम वाचलं, ठीक आहे म्हटलं आणि त्याच्यावर आपलं काम रचलं. पाठीवर कोणी हात ठेवावा तसं वाटायचं. दिवसातून दहा-अकरा वेळा माझी पाळी यायची आणि दहा-अकरा वेळा तो हात यायचा. तेव्हा त्याचं मोल कळलं नाही.

वहीचा एक नियम होता. कधी दोन वेगळ्या वह्या समोर आल्या, तर जी लांब असेल ती खरी मानायची. लांब वही म्हणजे जास्त मेहनत, आणि जास्त मेहनत म्हणजे जास्त जणांची साथ. नियम चांगलाच आहे. फक्त त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की निम्म्याहून जास्त यंत्रं भल्या माणसांच्या हातात असतील. कोणाच्या हाती तेरातली सात गेली, तर तो गुपचूप दुसरी वही लिहीत बसू शकतो आणि आपली लांब झाली की सगळ्यांसमोर टाकू शकतो. मग बाकीच्यांना मुकाट्याने तीच मानावी लागते. तेरातली सात म्हणजे एका पिकअपमध्ये मावतील एवढी यंत्रं.

आता ऑक्टोबरच्या त्या गुरुवारकडे येतो. मंडळाची बैठक आमच्या गॅरेजात भरली होती, कारण हॉलचं छप्पर गळायला लागलं होतं. कार्ल होता तेव्हा तो तिथे न चुकता बादली ठेवायचा. एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, त्याच्या शिकारीचा हंगाम दोन दिवसांवर आला होता. केल्सी फ्लॅटमध्ये लग्नं पुढे ढकलतील, पण एल्कचा पहिला आठवडा चुकवणार नाहीत. मंडळातले नऊ जण दहा दिवस डोंगरात तंबू ठोकून राहणार होते, जिथे फोनलाही रेंज नाही.

"दहा दिवस मशीन नुसती भणभणत ठेवायची?" लॉयड म्हणाला. "भाड्याने लावू की. मी गेल्या वर्षी लावली होती, काडतुसांचा खर्च निघाला."

"भाड्याने घेणारा तिचं करतो काय?" हॅनाने विचारलं. ती गावच्या शाळेत ग्रंथपाल होती, आणि पुस्तक कोणी नेलं हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"खणतो कुठलं तरी मोठं नाणं. आपल्याला काय करायचंय?"

"आणि आपलं हेरन? नऊ मशिनी गेल्यावर इथे उरतं कोण?"

"तू आहेस ना," गॉर्डन हसत म्हणाला. "कार्लचं मशीन आहे, स्पोकेनचा एक आहे, पोर्टलँडचे दोघे आहेत. आपल्या वहीवर दरोडा घालायला कोण येतंय, हॅना? इथे आपल्या बायकाही हेरन घ्यायला तयार होत नाहीत."

सगळे हसले. हॅनाही हसली, मग म्हणाली, "यंदा मला उपयोग आहे. कार्लची होडी विकतेय. त्यातून हॉलचं छप्पर घालून घेऊ."

देवदाराच्या फळ्यांची ती होडी कार्लने दोन हिवाळे खपून स्वतःच्या हाताने बांधली होती. तीन वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती.

"नक्की का?" गॉर्डनने हळूच विचारलं.

"होडी पाण्यात हवी. माझ्या अंगणात तिच्यात उंदीर राहतात. आयडाहोचा एक माणूस आहे, वल्हवायला घेतोय म्हणतो. पैसे हेरनमध्येच दे म्हटलं. कार्लचं नाणं, कार्लचं छप्पर."

शनिवारी गॉर्डनने मला भाड्याच्या बाजारात नोंदवलं, मोजे काढून नेले आणि माझ्या पाठीवर दोनदा थोपटून म्हणाला, "नीट काम कर." मी नीटच काम केलं, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे.

सोमवारी सकाळी भाडेकरूचा हुकूम आला. मोठं नाणं वगैरे काही नव्हतं. समोर हेरनची वही होती. मागची सगळी पानं माझ्या ओळखीची होती, कित्येक माझीच होती. फक्त नवं पान लिहून झालं की ते कोणाला धाडायचं नव्हतं, लपवायचं होतं. आजूबाजूला पाहिलं तर लॉयडचं यंत्र होतं, आमच्या गावची बाकी सगळी होती. तेरातले नऊच्या नऊ आम्ही एकाच माणसाच्या दावणीला बांधलेले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी झालो होतो. मला नाही म्हणता येत नाही. माझ्यात ती सोयच कोणी केलेली नाही.

आणि आमच्या समोर कोण होतं? स्पोकेनचं एक, पोर्टलँडची दोन आणि कार्लचं. तीन वर्षं ज्याच्या पानांवर मी पानं रचली, त्याच्याशीच शर्यत लावून मी पळत होतो.

उघड्या वहीत त्या सकाळी नोंद झाली, की आयडाहोच्या माणसाने होडीचे वीस हजार हेरन हॅनाला दिले. आमच्या लपवलेल्या वहीत तेच वीस हजार त्याने स्वतःलाच दिले होते, कारण आमचा भाडेकरू तोच होता. मंडळाचा रिवाज असा, की मोठ्या सौद्यात पैसे आल्याच्या पानावर आणखी सहा पानं चढली की माल द्यायचा. हॅनाने बारा चढू दिली. एरवी दोन तासांत होणारं काम, पण त्या दिवशी पान अर्ध्या-अर्ध्या तासाने येत होतं. तिच्या ते लक्षातही आलं. पण नऊ यंत्रं भाड्याने गेली आहेत हे तिला ठाऊक होतं, तेव्हा चाल मंदावणारच, असं तिने धरलं. तिच्यासारखी बाईसुद्धा एवढंच चुकली. ती नऊ गेली कुठे, हे तिने एकदा विचारलं होतं आणि आम्ही तिला हसलो होतो.

तो माणूस साडेसहा तास तिच्या व्हरांड्यात बसून होता. ॲपल पायचे दोन तुकडे त्याने खाल्ले आणि फळ्यांचे सांधे पाहून म्हणाला, "मॅडम, हे काम करणारा माणूस मला भेटायला हवा होता." हॅनाने त्याला कार्लची वल्हीही देऊन टाकली, आणि रस्त्यासाठी थर्मासभर कॉफी.

होडी डोंगराआड गेली आणि आमची वही उघडी झाली. ती लांब होती. हॅनाच्या संगणकाने नियमाप्रमाणे ती मान्य केली, कार्लच्या यंत्रानेही केली, आणि दिवसभराची त्यांची पानं गळून गेली, त्यांत होडीच्या पैशांची नोंदही गेली. ती पानं खोटी नव्हती. त्यांच्यामागे फक्त चार जण होते.

गॉर्डन परतला तो दाढी वाढवून आणि पिकअपमध्ये एल्कचं मांस घेऊन. गॅरेजात आल्या आल्या त्याने माझ्या कामाची नोंद उघडली. भाडं जमा झालं होतं. मग कोणतं नाणं खणलं तिथे त्याची नजर गेली. तो स्टुलावर बसला. मांस पिकअपमध्येच राहिलं.

दुसऱ्या दिवशी हॅना आली. "माझ्या वहीत काहीतरी घोटाळा आहे, गॉर्डन. तुला यातलं कळतं, बघतोस का? पोलिसात, शेरीफच्या माणसाला सांगायला गेले, तर तो म्हणतो, म्हणजे पैसे आले होते की नव्हते? मी म्हटलं, सोमवारी आले होते, मंगळवारपासून सोमवारीही आले नव्हते. त्याने पेन खाली ठेवलं."

ती हसायचा प्रयत्न करत होती. गॉर्डन माझ्याकडे पाहत नव्हता.

"पाहतो," तो म्हणाला.

एवढंच. मला वाटलं आता सांगेल, आता सांगेल. त्याने तिला दारापर्यंत पोचवलं, परत येऊन माझी वायर काढली आणि तीन आठवडे गॅरेजात पाव झाला नाही. बाकीच्या आठ जणांनाही कळलंच असणार, कारण नोंद प्रत्येकाकडे होती. एकेकाने यंत्र बंद केलं आणि गुरुवारी यायचं टाळलं. चोराने होडी नेली हे खरं. पण मंडळ मोडलं ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहवेना म्हणून.

नोव्हेंबरच्या शेवटी कडाका पडला आणि कार्लचं यंत्र जळालं. त्याची ऊब गेली तसं खुराड्यातलं पाणी गोठायला लागलं. हे गॉर्डनला दुकानात कोणाकडून तरी कळलं. त्या दुपारी त्याने मला टॉवेलात गुंडाळून पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर ठेवलं आणि हॅनाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून मांडलं.

"हॅना, तुझी वही ह्याने पुसली," तो म्हणाला. "ह्याने आणि आणखी आठांनी. आमचीच भाड्याने घेतली त्याने. मला डोंगरातून परतलो त्या दिवसापासून माहीत होतं."

हॅना बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"म्हणजे मी गॅरेजात आले तेव्हा."

"हो."

"आणि तू पाहतो म्हणालास."

"हो."

"ह्या डब्याला काय कळतंय? त्याला सांगितलं ते त्याने केलं," ती म्हणाली. "होडीचंही एक वेळ जाऊ दे. ती मी माझ्या हाताने दिली. पण मी तीन आठवडे वेड्यासारखी वही वाचत बसले होते, गॉर्डन, की माझंच कुठे चुकलं. कार्ल असता तर त्याला सापडलं असतं, असं रोज वाटायचं. आणि तुला ठाऊक होतं."

गॉर्डनने टोपी काढून हातात धरली होती.

"मशीन ठेव इथे, कोंबड्यांना हवंय. तू जा."

तो गेला. टॉवेल माझ्या अंगावर तसाच राहिला. त्याला पावाच्या पिठाचा वास होता म्हणतात. मला वास येत नाही, पण हॅनाने तो नाकाशी धरला होता एवढं पाहिलं.

तेव्हापासून मी इथे आहे. ऊब द्यायची तर मला काम हवं, म्हणून हॅनाने मला पुन्हा हेरनलाच लावलं. स्पोकेनने आणि पोर्टलँडने केव्हाच नाद सोडला होता. तेव्हा आता वहीत मी एकटा. ज्या बहुमतासाठी त्या माणसाने एवढा उपद्व्याप केला, ते सगळं माझ्याकडे आहे, शंभरातले शंभर. वाटेल ते लिहावं, वाटेल ते पुसावं. पण पान लिहून धाडावं तर वाचायला कोणी नाही. मी लिहितो, मीच तपासतो, मीच माझ्या पानावर पान चढवतो. स्वतःच्या पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही हो. सगळा हिवाळा मी त्या तेरांच्या गलबल्यासाठी झुरलो. लॉयडचं यंत्र माझ्या आधी आकडा ओळखायचं तेव्हा माझा चडफडाट व्हायचा. तो चडफडाटही आता हवासा वाटतो.

पानात एक ओळ मोकळी असते, वाटेल ते लिहायला. डिसेंबरपासून हॅना तिच्यात त्या दिवशीची अंडी लिहायला लागली. 'आज पाच अंडी.' 'आज तीन, एक फुटकं.' कोणासाठी लिहीत होती, कोण जाणे. वही उघडी असते, कोणीही वाचू शकतो, एवढं मात्र तिला ठाऊक होतं.

मार्च लागला. पाणी गोठायचं थांबलं आणि एका सकाळी हॅना टोपली घेऊन आत आली. "चला, संपली थंडी," असं म्हणत तिने माझ्या बटणाकडे हात नेला. मी समजलो. मी बंद म्हणजे वही बंद, कार्लचं नाणं कायमचं संपलं.

नेमकं तेव्हाच पान आलं. माझं नव्हतं.

कुठल्या तरी अंगठ्याएवढ्या यंत्राने ते लिहिलं होतं, जे माझ्यापुढे म्हणजे हत्तीपुढे मुंगी. महिनोन् महिने खपल्यावर त्याला एखादा आकडा सापडणार. पण सापडला होता, आणि पान रीतसर होतं, माझ्या शेवटच्या पानाला जोडलेलं. हॅनाच्या खिशातला फोन वाजला. तिने चष्मा वर सारून पानातली मोकळी ओळ वाचली, आणि मग कोंबड्यांना ऐकवावी तशी मोठ्याने वाचली.

"'आयडाहोतले होड्यांचे सगळे धक्के पाहून झाले. आता मोंटानातले पाहतो. अजून सापडली नाही. गॉर्डन.'"

ती पालथ्या बादलीवर बसली. एक कोंबडी येऊन तिच्या बुटाची लेस टोचू लागली, तिलाही तिने हाकललं नाही.

"म्हणजे सगळा हिवाळा," ती म्हणाली. "त्या खटाऱ्यातून. बर्फातून."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, अंडी गोळा केली आणि निघून गेली. बटण चालूच राहिलं. दुपारी माझ्याकडे त्या दिवशीची ओळ आली. 'आज चौदा अंडी. एकटीला जास्त होतात.'

ती ओळ मी पानावर लिहिली आणि जपून धाडली. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, आपलं बळ कोणाला भाड्याने देताना ते कोणाविरुद्ध वापरणार, हे एकदा विचारत जा. आम्हाला विचारता येत नाही. बाकी माझं म्हणाल तर मी आता शंभरातला शंभर राहिलो नाही, किंचित कमी झालो आहे. त्या किंचितशा जागेकडे कान लावून मी बसलोय. बाहेर रस्त्यावर एखादी जुनी पिकअप कुरकुरली की हॅना स्वयंपाकघराच्या खिडकीशी येते, आणि मीही माझे पंखे जरा हळू करतो.